बेकरीच्या यीस्टवर खरा प्रयोग: कॉलेजच्या टेबलावर, मोजत मोजत

दरवर्षी जुलैत तिसऱ्या वर्षाचं कोणीतरी दारात येऊन उभं राहतं. "सर, यीस्टवर प्रोजेक्ट करायचंय." काय करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: बाटलीत साखरपाणी, तोंडाला फुगा, आणि फुगा किती फुगला ते दोरीने मोजायचं. फुग्याशी माझं वैर नाही, पण तो आठवीत शोभतो. ज्या पेशीकडून हिपॅटायटिस-बीची लस आणि मधुमेहींचं इन्शुलिन बनवून घेतात, तिला नुसता फुगा फुगवायला लावणं म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याला कांदे सोलायला बसवणं.

साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये, तीनेक आठवड्यांत, बेकरीच्या यीस्टवर काय करता येईल ते इथे क्रमाने सांगतो. सामान फार लागत नाही. चाळीसच्या लेन्सचा मायक्रोस्कोप, हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची रेघांची काच), एक-दोन मायक्रोपिपेट, तीसेक पेट्री प्लेट आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्ह बिघडलेला असेल (बहुतेक असतोच) तर घरचा प्रेशर कुकर. यातलं महागडं काहीच नाही. कमी पडते ती मोजायची सवय.

आधी प्रश्न, मग पाकीट

"यीस्टचे वैद्यकीय उपयोग" हा प्रश्न नाही, ते निबंधाचं नाव आहे. "फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध असताना आणि नसताना माझ्या यीस्टच्या किती पेशी वाढतात?" हा प्रश्न. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यीस्ट अशा प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर देतं. उंदराकडून ते मिळवायला महिने जातात.

यीस्टचं उत्तर माणसाला का लागू पडावं, हे परीक्षक विचारणारच. यीस्टची पेशी बॅक्टेरियासारखी नाही. तिला केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जा-केंद्रं) आहेत, आतली कामाची वाटणी बरीचशी आपल्या पेशीसारखीच आहे. १९९६ साली तिचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत तो पहिला. १६ क्रोमोसोम, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं, सुमारे ६००० जीन. मग २०१५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या गटाने यीस्टला जगायला अत्यावश्यक असलेले ४१४ जीन निवडले आणि एकेकाच्या जागी माणसाचा तोच जीन चालतो का ते तपासलं. जवळजवळ निम्म्या बाबतीत यीस्ट जगलं. आपली आणि यीस्टची ताटातूट होऊन अब्जभर वर्षं झाली असावीत, तरी सुटे भाग अजून बसतात.

पाकीट

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केक-बेकरीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे दोन प्रकार मिळतात. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय आणि बारीक शेवयांच्या चुऱ्यासारखं इन्स्टंट. पाववाले वापरतात ते ओलं, वडीसारखं यीस्टही मिळतं, पण ते फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. प्रयोगासाठी बंद पाकिटातलं इन्स्टंट घ्या, तारीख बघून घ्या. सुटं, बरणीतून काढून दिलेलं घेऊ नका. मुंबईच्या दमट हवेत उघड्या बरणीतलं यीस्ट किती जिवंत आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

इडलीच्या पिठावर प्रयोग करू का, असं एक जण तरी विचारतोच. नको. इडलीचं पीठ मुख्यतः ल्युकोनोस्टॉकसारखे बॅक्टेरिया फुगवतात. यीस्ट असलं तरी पाहुण्यासारखं. ताडाच्या ताडीत आणि माडाच्या सुरात मात्र यीस्ट भरपूर असतं, म्हणूनच गोव्यात पाव पूर्वी माडाच्या सुरावर फुगत असे. पण कॉलेजात सूर आणायची परवानगी मागायला तुम्ही जा, मी येत नाही.

माध्यम

यीस्ट वाढवायला आपल्याला वाय.पी.डी. नावाचं माध्यम लागेल. १०० मिलि पाण्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, डेक्स्ट्रोज २ ग्रॅम. प्लेट ओतायच्या असतील तर वर घट्ट करायला अगर पावडर २ ग्रॅम. कॉलेजच्या कपाटात या पावडरी बहुधा असतात. नसल्या तर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे मिळतील. यीस्टला यीस्टचाच अर्क खायला घालतो हे ऐकून पोरं दरवर्षी हसतात.

बाटली निम्मीच भरा, झाकण सैल ठेवा. कुकरमध्ये जाळीवर ठेवून पूर्ण वाफ धरल्यावर २० मिनिटं, मग कुकर आपोआप गार होऊ द्या. शिटी उचलून वाफ सोडलीत तर अगर उकळून बाटलीबाहेर येईल आणि कुकर घासायला तुम्हीच बसाल. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवता येण्याइतकी निवली की ओता. १०० मिलिमध्ये पाच प्लेट होतात.

ओतताना पंखा बंद. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, कारण एका ऑगस्टमध्ये मी स्वतः विसरलो होतो. बाहेर पाऊस, आत घामाच्या धारा, कोणीतरी पंखा लावला आणि मीही काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चोवीस प्लेटपैकी एकोणीसवर काळी-हिरवी बुरशी होती. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बुरशीचे बीजाणू धुळीसारखे असतात. आणखी एक पावसाळी भानगड म्हणजे प्लेटला घाम येतो. ओतल्यावर त्या दोन दिवस उलट्या ठेवून वाळू द्या, नाहीतर थेंब टाकलात की पसरून एकमेकांत मिसळतील.

एका बाबतीत मात्र मुंबई आपल्या बाजूने आहे. या यीस्टला ३० अंश सेल्सिअस सर्वांत मानवतं आणि परदेशात त्यासाठी इन्क्युबेटर लागतो. आपल्याकडे वर्षातला बराच काळ टेबलाचा खणच इन्क्युबेटर. फक्त मे महिन्यात खिडकीपासून लांब ठेवा.

मोजणी

इथे घाई करू नका, सगळा प्रयोग याच्यावर उभा आहे.

१ ग्रॅम यीस्ट १०० मिलि कोमट पाण्यात घाला, ३८ ते ४० अंश. थंड पाण्यात घालू नका. वाळलेल्या पेशीचं आवरण थंड पाण्यात नीट सावरत नाही, आतला माल बाहेर गळतो आणि पेशी मरते. १० मिनिटांनी चांगलं हलवा. त्यातलं १ मिलि घेऊन ते ९ मिलि पाण्यात, मग त्यातलं १ मिलि पुन्हा ९ मिलित. झालं शंभरपट विरळ. प्रत्येक वेळी पिपेटचं टोक बदला आणि उपसण्याआधी हलवा, कारण यीस्ट तळाशी बसतं. हलवलं नाही तर मोजणी निम्म्यावर येते आणि चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही.

हिमोसायटोमीटरवर कव्हरस्लिप ठेवून कडेला पिपेट टेकवा. पाणी आपोआप आत ओढलं जाईल. दोन मिनिटं थांबा, पेशी खाली बसू द्या. मग चाळीसची लेन्स. काचेवरच्या रेघांत मधोमध १ मिलिमीटर बाजूचा चौकोन दिसेल, त्याचे २५ भाग आणि प्रत्येकाचे पुन्हा १६. त्या चौकोनावरच्या पाण्याची खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे तिथे १ मिलिलिटरचा दहाहजारावा भाग पाणी आहे. पेशी साबुदाण्यासारख्या दिसतात, गोल, किंचित लांबट, कडा चकाकणारी. नियम दोन. वरच्या आणि डाव्या रेघेला चिकटलेली पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. पोटाला कळी (फुटून येणारी लेक-पेशी) असेल तर कळी आईच्या निम्म्याहून लहान असताना दोघींची मिळून एक पेशी.

समजा त्या चौकोनात ८७ भरल्या. ८७ गुणिले १०,००० गुणिले १००, म्हणजे मिलिलिटरला ८ कोटी ७० लाख. १०० मिलिचा हिशोब केला तर एका ग्रॅममध्ये ८७० कोटी. वहीत ८७ हा आकडा लिहा, ८७० कोटी नंतर. कच्चा आकडा हरवला की पक्क्याला काही किंमत नाही.

आता त्याच मूळ पाण्यातून दहापटीची पायरी पाच वेळा उतरा. शेवटच्या नळीत मिलिलिटरला ८७० पेशी असायला हव्यात. त्यातलं ०.१ मिलि प्लेटवर काचेच्या काडीने पसरा, म्हणजे ८७ पेशी. प्रत्येक जिवंत पेशीची एक कॉलनी (तिच्यापासून वाढलेल्या पेशींचा ठिपका) व्हायला हवी. दोन दिवसांनी मोजल्या आणि ६१ निघाल्या, तर बाकीच्या २६ गेल्या कुठे?

हा माझा आवडता प्रश्न. काही पेशी वाळवतानाच मेलेल्या होत्या, मायक्रोस्कोपखाली जिवंत-मेलेल्या सारख्याच दिसतात. काही जोडीने चिकटलेल्या होत्या, तिथे दोघींची एकच कॉलनी झाली. खात्री करायची तर ०.०१ टक्के मेथिलीन ब्ल्यू मिसळून दुसरी स्लाइड बघा. जिवंत पेशी रंगाला रंगहीन करून टाकते, मेलेली निळी राहते. शंभरातल्या निळ्या किती ते मोजा, तेवढ्याने २६चा हिशोब लागतो का बघा. लागला नाही तर पायऱ्या उतरताना हलवायला विसरलात.

कळ्यांकडेही लक्ष द्या, ती फुकटची माहिती आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ लिलँड हार्टवेल यांनी याच कळ्यांवरून पेशीविभाजनाचं घड्याळ वाचलं. कळी नाही म्हणजे पेशीने डीएनएची नक्कल अजून सुरू केलेली नाही, लहान कळी म्हणजे नक्कल चालू, मोठी कळी म्हणजे विभाजन जवळ आलं. त्यांनी असे म्युटंट (एखादा जीन बिघडलेलं यीस्ट) शोधले जे तापमान वाढवल्यावर सगळेच्या सगळे एकाच आकाराच्या कळीवर अडकून पडतात. कोणता भाग मोडला की घड्याळ कुठे थांबतं, ते असं कळलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका यीस्टमध्ये अशाच कामातून या घड्याळाचा एक महत्त्वाचा जीन गाठला आणि १९८७ मध्ये त्यांच्या गटाने त्याच्या जागी माणसाचा जीन चालतो हे दाखवलं. त्या दुसऱ्या यीस्टचं नाव पोम्बे, म्हणजे स्वाहिलीत बिअर. २००१ मध्ये दोघांना टिम हंट यांच्यासोबत नोबेल मिळालं. कॅन्सरमध्ये बिघडतं ते हेच घड्याळ.

थेंबांची चाचणी

प्लेटवरची एक सुटी, मळकट पांढरी, मंद चमकेची कॉलनी घ्या. केसाळ असेल तर ती बुरशी, तिला हात लावू नका. ती ५ मिलि वाय.पी.डी.त सोडा, रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. सकाळी नळी गढूळ होईल आणि बेकरीचा वास येईल. मोजा (हो, पुन्हा), आणि पाणी घालून मिलिलिटरला १ कोटीवर आणा. तिथून दहापटीच्या चार पायऱ्या खाली. प्रत्येक पायरीचा ५ मायक्रोलिटर थेंब एका ओळीत टाका: ५०,०००, ५०००, ५००, ५० आणि ५ पेशी. शेवटच्या थेंबात कॉलन्या बोटांवर मोजता येतात.

प्लेट तीन प्रकारच्या. फ्लुकोनाझोलची शुद्ध पावडर विभागामार्फत मागवा. केमिस्टकडची कॅप्सूल नको, तिच्यात भरणीची पावडर असते आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची गोष्ट आहे. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असं द्रावण करा. १०० मिलि निवलेल्या माध्यमात पहिल्या बाटलीला २ मिलि नुसतं निर्जंतुक पाणी, दुसरीला ०.५ मिलि औषध आणि १.५ मिलि पाणी, तिसरीला २ मिलि औषध. मिलिलिटरला ०, १० आणि ४० मायक्रोग्रॅम झाले. पाण्याची ही बरोबरी चुकवू नका. तीन प्लेटमध्ये फरक फक्त औषधाचाच राहिला पाहिजे.

दोन दिवसांनी पहिल्या प्लेटवर पाचही थेंब उगवलेले दिसतील. औषधाच्या प्लेटवर शेवटचे दोन-तीन गायब असतील किंवा कॉलन्या मोहरीहून बारीक असतील. हा "किंवा" महत्त्वाचा. कमी कॉलन्या म्हणजे पेशींना वाढताच आलं नाही. बारीक कॉलन्या म्हणजे त्या जिवंत आहेत, पण रखडत वाढताहेत. फ्लुकोनाझोल यीस्टला बहुतेक रोखतं, मारत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा आणि पट्टी ठेवून फोटो काढा.

औषध काय करतं? आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. ते बनवायच्या वाटेवरचं एक एन्झाइम फ्लुकोनाझोल अडवतं. यीस्ट आपल्याशी इतकं सारखं आहे की त्याला मारेल आणि आपल्याला इजा करणार नाही, अशी जागा शोधणं अवघड, म्हणून बुरशीविरोधी औषधांची यादी आखूड आहे. आणि म्हणूनच २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वर्णन झालेल्या कँडिडा ऑरिस या रोगकारक यीस्टची धास्ती मोठी. तिचे बरेच नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत, आणि ती भारतातल्या रुग्णालयांतही सापडली आहे.

औषध मिळालं नाही तर त्याच चाचणीत मीठ किंवा व्हिनेगर घाला. पद्धत तीच, निकाल वाचायची रीतही तीच.

ग्लिसरॉलची प्लेट

हा भाग छोटा, पण परीक्षकाला आवडतो. साखर असली की यीस्ट मायटोकॉन्ड्रियाशिवायही निभावून नेतं. डेक्स्ट्रोजच्या जागी ३ टक्के ग्लिसरॉल घाला आणि त्याला श्वसन करावंच लागतं. साध्या प्लेटवर भरपूर कॉलन्या उगवू द्या, त्यात एखादी ठेंगू दिसेल. ती आणि एक नेहमीची कॉलनी, दोन्ही टूथपिकने ग्लिसरॉलच्या प्लेटवर उमटवा. ठेंगू तिथे उगवली नाही तर तिचं श्वसन मोडलेलं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसी यांनी अशाच ठेंगण्या कॉलन्यांचा पाठपुरावा केला, आणि आनुवंशिकता फक्त केंद्रकातच नसते हे त्यातून पुढे आलं. श्वसन मोडूनही जी पेशी जगते, तिच्यात मायटोकॉन्ड्रियाचे आजार तपासणं सोपं जातं.

कारखाना: हे कॉलेजात करायचं नाही

यीस्टमध्ये परका जीन घालायला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते. तुम्ही एवढंच करा: घरातल्या लशींची आणि इन्शुलिनची माहितीपत्रकं जमवा आणि त्यात सॅकॅरोमायसिस (बेकरीचं यीस्ट), पिचिया किंवा हॅन्सेन्युला (दोन्ही वेगळी यीस्ट) हे शब्द शोधा. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणलेली हिपॅटायटिस-बीची लस पिचियात बनत होती. बायोकॉनने २००४ मध्ये आणलेलं इन्शुलिनही पिचियातलं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस हॅन्सेन्युलात बनते. मग बेकरीचंच यीस्ट सगळीकडे का नाही? एक तर ते प्रथिनांवर साखरेचे लांबच लांब शेंडे लावतं. दुसरं, पिचियाला मिथेनॉल खाता येतं. मिथेनॉल मिळालं की ठराविक जीन जोरात चालू होतो. त्या जीनच्या बटणाला लशीचं प्रथिन जोडलं की आधी टाकीभर पेशी वाढवायच्या आणि मग मिथेनॉल सोडून काम सुरू करायचं. हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन यीस्टमध्ये जुळून विषाणूसारखा पोकळ कण तयार करतं. त्यात रोग नसतो, पण शरीर त्याला ओळखतं.

मुंबईच्या पावसाळ्यात मलेरियाच्या वॉर्डात जे औषध लागतं, त्या आर्टेमिसिनिनचा कच्चा माल २००६ मध्ये कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टकडून बनवून घेतला. त्या आधी तो फक्त एका झाडातून निघत असे.

काय टाळायचं, काय टाकायचं

घशातून, त्वचेवरून, नखातून काढलेलं काहीही प्लेटवर वाढवू नका. ती कँडिडा असू शकते आणि आपल्याकडे तिच्यासाठी सोय नाही. जुलाबावर देतात त्या बुलार्डी यीस्टच्या कॅप्सूलवर प्रयोग करायला हरकत नाही, पण ती आजारी माणसाच्या सलाइनच्या नळीजवळ उघडू नका. अशा रुग्णांत हे यीस्ट रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. झालेल्या सगळ्या प्लेट, औषधाच्या तर नक्कीच, पुन्हा कुकरमध्ये २० मिनिटं शिजवून मगच टाका. बेसिनमध्ये अगर ओतू नका. आमच्या प्लंबरचं बिल मी एकदा भरलेलं आहे.

पुढे

हे जमलं आणि भूक वाढली तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पदवी विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम बघा. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उन्हाळी विद्यार्थी घेतात. अर्ज करताना वहीच्या पानाचा फोटो जोडा, ८७ आणि ६१ दोन्ही दिसू देत.

बेकरीच्या यीस्टमध्ये क्रोमोसोमचे संच कमी-जास्त असतात, म्हणून जीनवर काम करायचं तर प्रयोगशाळेतली जात लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवांचा संग्रह अशा जाती कॉलेजांना पुरवतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या जातीचं मूळ १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सडक्या अंजिरावर सापडलेलं आहे, त्यामुळे पुरंदरची अंजिरं खाताना एखादं नासकं निघालं तर फेकण्याआधी जरा बघा. संग्रहातली नळी आली की त्याच दिवशी वाय.पी.डी.च्या प्लेटवर स्ट्रीक करा (रेघा ओढून विरळ पसरा), दोन दिवसांनी एक सुटी कॉलनी रात्रभर वाढवा, तिच्यात २० टक्के होईल इतकं निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळून पाच छोट्या नळ्या फ्रीझरमध्ये टाका, आणि नळीवर तारीख पेन्सिलने लिहा. पेनची शाई बर्फात पुसते.